हशाला जागा

पौड, ९ जानेवारी १९८३

मौला,

आपाची दुवा. तुझी कॅसेट पौडात पोचली. तू पाठवली नाहीस, तरी पोचली. स्टँडासमोर जयसिंगच्या हॉटेलात टेपरेकॉर्डर आलाय आणि पहिल्या एसटीपासून तुझाच आवाज चालू असतो. वर तुझा फोटो, टोपी तिरकी, दात काढलेले, खाली ‘मौला मुळशीकर’. का रे, मणियार लिहायला शाई संपली होती? अख्खा तालुका नावाला जोडलास आणि बापाचं आडनाव तेवढं जड झालं. तुझे दाजी म्हणतात, कलाकाराला असं करावं लागतं. दाजी काय, तुझ्याच बाजूचे. शिवणयंत्र बंद ठेवून ऐकायला जातात आणि गिऱ्हाइकांना सांगतात, ‘आमचा मेव्हणा हाय ह्यो.’

खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. वाद्यवृंदात गाणारी बाई साडी बदलून येईपर्यंत लोकांना थोपवून धरायला तुला उभं करायचे, तिथून तू इथवर आलास. सिनेमात हवालदार झालास तेव्हा आम्ही पुण्याला जाऊन बघून आलो होतो. तू घसरून पडलास तेव्हा सगळं थेटर हसलं आणि अम्मा उठून उभी राहिली. मागच्यांनी तिला खाली बसवली.

पण काल दुकानात काजं करत बसले होते आणि हॉटेलातनं ‘भुकूमचा पैलवान’ ऐकू आला. मिशीवाला, छातीवाला, आखाड्यात वाघ. आणि अंधाराला भितो. परसाकडला जायचं तर बायकोनं कंदील घेऊन सोबत जायचं, पाठ फिरवून उभं राहायचं, आणि ह्यानं झुडपामागून घडीघडीला विचारायचं, ‘सारजे, हायेस न्हवं?’ तिनं म्हणायचं, ‘हाय, हाय.’ माणसं बाकड्यावर लोळत होती. मीही हसले. आवरलंच नाही. मग एकदम उमगलं की हे कुणाचं आहे, आणि तुला कुठं मिळालं.

तुला काय सांगायचं म्हणा, तू तिथंच बसलेला असायचास. अम्मा बांगड्या भरायची आणि तू पेटीजवळ बसून मापाच्या काढून द्यायचास. बाईनं हात आवळून धरला की बांगडी चढत नाही, फुटते, हाताला लागते. म्हणून अम्मा तिला बोलतं करायची, हसवायची. बाई हसली की हात सैल पडतो, आणि तेवढ्यात बांगडी मनगटात. तू हसवायला शिकलास ते तिथं, वाद्यवृंदात नाही. आणि हात सैल पडला की बायका काय काय बोलून जातात! सासूचं, नवऱ्याचं, पोटातलं. अम्माचं पोट म्हणजे विहीर. आत गेलेलं कधी वर आलं नाही. म्हणून तर भुकूमपासून पार धरणाच्या कडेपर्यंत अम्माला घरात घेतात. मणियाराची म्हणून नव्हे, जोहराबी म्हणून.

सारजाबाईनं ते तिथंच सांगितलं होतं. तिच्या नावानं आणि गावानं तू ते बाजारात मांडलंस. खाल्ल्या घरचे वासे मोजावेत, पण असे?

नाव बदल. गाव बदल. पुढच्या कॅसेटीत तरी बदल. अम्माला अजून माहीत नाही. हॉटेलाच्या बाजूनं ती जात नाही.

तुझी आपा,
सुरैया


पौड, ४ एप्रिल १९८३

मौला,

तुझं पत्र आलं. लिहितोस, नाव बदलून बघितलं, हशा येत नाही. खरं नाव, खरं गाव असलं की लोकांना आतनं हसू येतं. आणि वर लिहितोस, ‘आपा, तुम्ही उगाच मनावर घेता, गावातली माणसं दिलदार असतात.’ कुठल्या गावातली रे? तुझ्या नाटकातल्या?

तर ऐक. शिमग्याला भुकूमच्या पोरांनी सारजाबाईच्या नवऱ्याच्या, कोंडिबाच्या मागं फिरून ओरडायला सुरुवात केली. तो पुढं, पोरं मागं. ‘सारजे, हायेस न्हवं?’ एक ओरडायचा, बाकीचे ‘हाय, हाय’ म्हणायचे. अरे, गावच्या मारुतीसमोर नारळ फोडायचा मान त्या माणसाचा! घरी जाऊन त्यानं बायकोला एवढंच विचारलं, ‘कुनाला बोललीस?’ ती म्हणाली, ‘कुनालाच न्हाई.’ मग तिला आठवलं असणार, कारण खाली बघून म्हणाली, ‘बांगड्या भरताना.’

हात उगारला नाही त्यानं. दुसऱ्या दिवशी तिला लवळ्याला तिच्या भावाच्या दारात नेऊन उभी केली आणि माघारी आला. पोरं मोठी आहेत, ती बापाच्या बाजूची. ती तरी काय करणार, त्यांनाही त्याच गावात राहायचंय. भाऊ नथू स्वभावानं गरीब आहे, बहिणीला टाकणार नाही. पण भावजयीच्या चुलीवर जन्म काढायचा म्हणजे काय ते तुला कळायचं नाही.

हे सगळं अम्माला कसं कळलं विचार. भुकूमला लगीनघरात चुडा भरायला गेली. बायका गोल बसल्या होत्या. अम्मानं पेटी उघडली, नवरीच्या काकूला म्हणाली, ‘ये गं रत्ना, कशी हायेस?’ आणि एकही हात पुढं आला नाही. रत्नाबाईच म्हणाली, ‘जोहराबी, पुण्यावरनं बांगड्या आनल्यात यंदा.’ अम्मा म्हणाली, ‘अगं, पन का?’ तेव्हा कोपऱ्यातली एक पोरगी बोलली, ‘तुमाला सांगितलं की टेपीवर लागतंय म्हनं.’

अम्मा पेटी घेऊन भुकूमपासून पौडापर्यंत चालत आली. एसटीची वाट बघत उभी राहायला तिला लाज वाटली. घरी आल्यावर मला म्हणाली, ‘लाव ती टेप.’ जयसिंगकडनं मशीनसकट मागून आणली. सगळी ऐकली. एकदाही हसली नाही. संपल्यावर म्हणाली, ‘सारजानं हे हसत सांगितलं व्हतं. मग रडली व्हती. कोंडिबाचा थोरला भाऊ अंधारात त्याच्या शेजारी साप चावून गेला, हा नऊ वर्सांचा व्हता, हाका मारत बसला आन् त्याची वो आली न्हाई. म्हनून त्यो इचारतो, हायेस न्हवं. मौला तितंच व्हता. त्यानं हसनं तेवढं उचललं.’

मला हे माहीत नव्हतं. तुला माहीत होतं.

राग आला की माझं शाळेतलं मराठी जातं, म्हणून इथंच थांबते.

सुरैया


पौड, २७ नोव्हेंबर १९८३

मौला,

पाकिटातला फोटो मिळाला. नाटकातला नोकर झालायस, चांगलं दिसतंय. अम्मानं बघितला आणि बाजूला ठेवला.

तिचं एकच म्हणणं आहे. भुकूमच्या जत्रेला ये. स्टेजवर उभा राहा आणि सगळ्यांसमोर सांग की हे मी रचलं, सारजाबाई मला काही बोलली नाही, कोंडिबादादा कधी कुणाला भ्यायला नाही. खोटं तर खोटं. अल्लाला मी बघून घेईन, असं म्हणते ती. पाच वेळा नमाज पढणारी बाई तुला खोटं बोलायला सांगतेय, यावरनं काय ते समज. म्हणते, गावानं एकदा ऐकलं की कोंडिबा सारजाला घेऊन येईल, आणि माझ्यापुढं हात येतील.

मी कोंडिबाकडे निरोप पाठवला होता. तो म्हणाला, ‘येऊ दे. बसतो मी पुढं.’ गावानंही जागा द्यायचं कबूल केलंय. तू नुसतं यायचंस. हिरो असल्यासारखी तारीख बघू नकोस.

आपा


पौड, २ मे १९८४

मौला,

तू न जेवता गेलास. अम्मानं तुझ्यासाठी कोंबडी केली होती, ती शेजारी दिली.

तू स्टेजवर होतास, तुला तुझ्या बाजूचं दिसलं. मी बायकांत बसले होते. मला काय दिसलं ते सांगते, म्हणजे ‘मी तर मनापासून बोललो’ असं पुन्हा लिहायची तुला गरज पडणार नाही. मनापासून बोललास हे मला माहीत आहे. तुला लहानपणापासून ओळखते मी.

तू टोपी काढलीस, हात जोडलेस. तिथंच पहिली शिट्टी पडली. कुणीतरी म्हणालं, ‘आता कायतरी काढतोय बघ.’ तू म्हणालास, ‘मायबाप, मी आज माफी मागायला आलोय.’ हसले. ‘पैलवानाची गोष्ट माझ्या मनातली आहे.’ हसले. ‘कोंडिबादादा वाघ माणूस आहे.’ अरे बाबा! पोरं जमिनीवर लोळली. माझ्या शेजारच्या म्हातारीनं पदर तोंडात कोंबला. तुला रडू आलं, खरं रडू, तुझा आवाज चिरकला, अब्बा गेले तेव्हा चिरकला होता तसा. त्याला तर टाळ्या पडल्या. मागनं एक जण ओरडला, ‘सारजे, हायेस न्हवं?’ आणि सगळं मैदान म्हणालं, ‘हाय, हाय!’

इथवर तुझी चूक नव्हती. जत्रेतले लोक नारळ फोडून, भेळ खाऊन आलेले असतात, त्यांना हसायचंच असतं. पण मग तू काय केलंस? तू थांबलास. दोन्ही हात जोडलेले, डोळ्यांत पाणी, आणि तू हशा ओसरायची वाट बघत थांबलास. मान थोडी तिरकी. हशाला जागा दिलीस. आणि हसू जरा खाली आल्यावर पुढचं वाक्य बरोबर त्या जागी टाकलंस.

माफी मागनारा मानूस थांबत न्हाई रं मौला. त्यो हसन्यावर आरडून बोलतो, न्हाईतर खाली बसतो, न्हाईतर पळून जातो. थांबत न्हाई.

तुला कळलंही नसेल. इतकी वर्षं केलंस ते अंगात मुरलं. पण कोंडिबाला कळलं. तो पहिल्या रांगेत फेटा बांधून बसला होता, हसू चाललं होतं तोवर बसून होता. तू थांबलास तेव्हा त्यानं तुझ्याकडं बघितलं, उठला आणि गर्दीतनं निघून गेला. लोकांनी त्याला वाट करून दिली आणि त्यालाही हसले.

अम्मा घरीच होती. मी आले तर दारात उभी. म्हणाली, ‘झालं का?’ मी म्हटलं, ‘बोलला.’ म्हणाली, ‘आन् लोकं?’ मी म्हटलं, ‘ऐकलं लोकांनी.’ लबाडी माझ्या तोंडावर दिसते, तुला माहीतच आहे. ती आत जाऊन पडली.

सुरैया


पौड, १८ फेब्रुवारी १९८५

मौला,

अम्मा बरी आहे असं लिहायला हवं. चालते फिरते.

गेल्या आठवड्यात हट्टानं लवळ्याला गेली. मी सोबत गेले. डोंगराची वाट, पेटी माझ्या डोक्यावर, ती काठी टेकत. वाटेत एकदाही बसली नाही. संक्रांत झाली होती आणि तिला कुणीतरी सांगितलं होतं की सारजाचे हात मोकळे आहेत. जुन्या बांगड्या वाढल्या, एकेक करून फुटल्या, आणि नव्या तिनं कुणाकडून भरून घेतल्या नाहीत. भावजय घरोघर सांगते, ‘हिला नवरा असून विधवेवानी राहती.’ अम्मा म्हणाली, ‘तिचा हात मी भरनार. तिच्या लग्नात मीच भरला व्हता.’

नथूनं अंगणात घोंगडी टाकली. सारजाबाई बाहेर आली. वाळलीये. मी ओळखलीच नाही. अम्मा म्हणाली, ‘सारजा, बस.’

ती बसली. हात पुढं केला. म्हणाली, ‘भरा जोहराबी. तुमच्यावर राग न्हाई माझा. पन मी आज बोलनार न्हाई काय.’

अम्मा म्हणाली, ‘नगं बोलूस. मी बोलते.’ आणि तिनं सुरू केलं. तिचं ते नेहमीचं, शेळी आणि सासूचं, ज्यावर तू लहानपणी लोळायचास. सारजाबाई बघत राहिली. हात लाकूड. अम्मा दाबतेय, अंगठा आत घेतेय, तेल लावतेय. पहिली हिरवी बांगडी वाढली. दुसरीही वाढली, हाताला काच लागली, रक्त आलं. सारजाबाईनं हात मागं घेतला नाही. अम्मा म्हणाली, ‘अगं, हात सोड की जरा.’ ती म्हणाली, ‘सुटत न्हाई. मी काय मुद्दाम करते व्हय?’

नथूची बायको दारातनं म्हणाली, ‘ऱ्हाऊ द्या आता. अपशकुन नको.’

अम्मानं काचा पदरात गोळा केल्या. परत येताना भुकूमच्या उतारावर मला म्हणाली, ‘माझ्या हातात गुन व्हता असं मला वाटायचं. गुन तिच्यात व्हता. तिनं इस्वास ठिवला म्हनून हात सुटायचा.’ त्या दिवसापासून पेटी उघडली नाही. मी दुकानात ठेवून विकते थोड्या बांगड्या. बायका येतात, स्वतःच्या हातानं घालून बघतात, बोलत नाहीत. लई गुपचूप धंदा झालाय.

कोंडिबा दुसरं लग्न करणार अशी बातमी होती, ती खरी नाही. दिवेलागणीआधी दार लावून घेतो. त्याच्या सोबत आता कुणी जात नाही.

तुला काही कर असं मी लिहीत नाहीये. करण्यासारखं काही राहिलं नाही. तू विचारलंस म्हणून लिहिलं.

आपा


पौड, ११ ऑगस्ट १९८६

मौला,

एक विचारायचं होतं. दाजींच्या ओळखीचा एक जण पुण्यात तुझा कार्यक्रम बघून आला. सांगत होता, ‘मौलाशेठ आता माफीचा आयटम करतात, हात जोडून रडतात, लोक खुर्च्यांवरनं पडतात.’ दाजी त्याच्याशी भांडले. म्हणाले, तो दुसरा कुणी असेल. खरं आहे का रे?

तुझ्या मागच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. नागपूरला ताप होता, स्टेजवर चक्कर येऊन पडलास आणि लोकांनी वन्समोअर मागितला, हे वाचून मला लई वाईट वाटलं. दवाखान्यात ‘छातीत दुखतंय’ म्हणालास तर नर्सबाई हसली, म्हणाली, तुम्ही ना! हे तू हसून लिहिलंयस. मी हसले नाही. सिनेमावाले आता बोलवत नाहीत हेही लिहिलंयस, तेही हसूनच. तुला हसल्याशिवाय काही लिहिता येत नाही का आता? एकदा रागानं तरी लिही. शिव्या दे मला. मी तुझी मोठी बहीण आहे, प्रेक्षक नाही.

आयटमचं खरं असेल तर कळवू नकोस.

सुरैया


पौड, ३ डिसेंबर १९८७

मौला,

अम्मा परवा गेली. तुला तार केली नाही. दाजी पोस्टात निघाले होते, मीच आडवी आले.

आजार फार नव्हता. खोकला होता, जेवण सुटलं होतं. शेवटचे दिवस गावोगावच्या बायका बघायला आल्या. ज्यांचे हात तिनं लग्नात भरले, त्यांच्या लेकींचे भरले, त्या सगळ्या. पौडच्या आल्या, भुकूमच्या आल्या. रत्नाबाईही आली. तांदूळ आणले, केळी आणली. पायाशी बसायच्या, पदर सावरायच्या, ‘कसं वाटतंय?’ विचारायच्या आणि गप्प बसायच्या. पहिल्यासारखं एकीनंही काही सांगितलं नाही तिला. ती वाट बघायची रे. एकेकीच्या तोंडाकडं बघत राहायची. बाई उठून गेली की मला विचारायची, ‘तिच्या घरचं काय बोलली का?’ मी म्हणायचे, ‘नाही अम्मा.’ शेवटी शेवटी मीच खोटं रचून सांगायला लागले, हिची सून अशी, तिचा जावई तसा. ऐकून घ्यायची. तिला कळत होतं.

मी दोनदा म्हटलं, मौलाला बोलावते. पहिल्यांदा कूस बदलली. दुसऱ्यांदा माझा हात धरला आणि म्हणाली, ‘नगं. त्यो यील, रडंल, आन् लोकं हसतील. माझ्या मयतीत नगं.’

म्हणून तार केली नाही. तू रागावशील. रागाव.

दफन नीट झालं. माणसं पुष्कळ होती, हिंदू-मुसलमान सगळी. कोंडिबा आला होता, लांब झाडाखाली उभा राहिला, माती द्यायला पुढं आला नाही, पण शेवटपर्यंत थांबला. उजेड होता तोवर.

आज सकाळी सारजाबाई आली, लवळ्याहून एकटी. माझ्याजवळ भिंतीला टेकून बसली. मग विचारलं, ‘मौला न्हाई आला?’

बाकी सगळ्यांना मी सांगत होते की गाडी मिळाली नाही. हिच्यापुढं खोटं बोलवेना. अम्मा काय म्हणाली ते जसंच्या तसं सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. मला वाटलं तुला शिव्या देईल, निदान रडेल. मान हलवली फक्त.

‘खरं बोलली गं जोहराबी,’ ती म्हणाली. ‘त्यो रडला असता तर मला बी हसू आलं असतं.’

तुझी आपा,
सुरैया